गरोदरपणातला वाढता रक्तदाब : दुखणे वारेचे, झळ आईला

आमच्या भागातल्या आशाताई आणि नर्सबाई मला एक प्रश्न नेहमी विचारतात. पोरगी वीस-बावीस वर्षांची, अंगाने बारीक, तिला जन्मात कधी बीपी नव्हते. पहिल्याच खेपेला सातव्या महिन्यात मोजले तर १५०/१००. बाळंत झाली आणि महिना-दीड महिन्यात बीपी पुन्हा नीट. मग ते आले कुठून आणि गेले कुठे? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर द्यायला वैद्यकशास्त्राला विसावे शतक पुरले नाही. गेल्या पंचवीस वर्षांत ते बऱ्याच अंशी हाती आले आहे. ते कळले म्हणजे डहाणू-तलासरीसारख्या भागात गरोदर बाईची पहिली तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आत का हवी, हेही कळते. म्हणून आजचा लेख थोडा शास्त्राच्या अंगाने जाणार आहे. वाचकांनी जरा धीर धरावा.

या आजाराचे नाव प्री-एक्लॅम्पसिया. पाच महिने, म्हणजे २० आठवडे, उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि लघवीतून प्रथिने जाणे ही त्याची जुनी खूण. आता लघवीत प्रथिने नसली तरी प्लेटलेट कमी झाल्या, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे काम बिघडले, डोके व डोळ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, तर तोही हाच आजार धरतात. पुढे झटके आले की तो एक्लॅम्पसिया. जगात १०० गरोदर स्त्रियांपैकी २ ते ८ जणींना प्री-एक्लॅम्पसिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मातामृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकारांमुळे झाल्याचे दिसले. रक्तस्रावाच्या खालोखाल हेच कारण होते.

जुने डॉक्टर या दुखण्याला 'टॉक्सिमिया' म्हणत. रक्तात कसले तरी विष उतरते, अशी त्यांची समजूत होती. विषाचा पुष्कळ शोध झाला, काही सापडले नाही आणि ते नाव मागे पडले. मी एमबीबीएस करीत होतो तेव्हा पुस्तकात कारणांच्या रकान्यात आठ-दहा तर्क दिलेले असत. परीक्षेत ते सगळे लिहावे लागत आणि त्यातला कोणता खरा हे परीक्षकालाही ठाऊक नसे. एक गोष्ट मात्र सर्वांना माहीत होती. वार बाहेर पडली की आजार ओसरू लागतो. द्राक्षगर्भ नावाच्या विकारात गर्भाशयात बाळ नसते, नुसती वारेची द्राक्षासारखी वाढ असते, तरीही बाईचा रक्तदाब वाढतो आणि तोही पाचव्या महिन्याच्या आधी. म्हणजे दोष बाळाचा नव्हे, वारेचा. जुळ्यांच्या बाळंतपणात वार मोठी असते, तेथेही हा आजार अधिक.

रायणीवरचे कलम

वार म्हणजे काय, हे घोलवड-बोर्डीच्या बागायतदारांना चटकन कळेल. चिकूचे कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. दोन झाडे वेगळी, पण सांधा जमला की रायणीच्या मुळांनी ओढलेले पाणी चिकूला मिळते. सांधा कच्चा राहिला तर कलम लगेच मरतेच असे नाही, पण खुरटते. वारेचेही असेच आहे. पुष्कळांना वाटते की वार आईच्या शरीराचा भाग आहे. ती बाळाची असते. बीज फळल्यावर आठवड्याभरात गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात मुळे धरू लागतात. या पेशींत निम्मा वाटा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला त्या निम्म्या परक्याच. तरी आईचे शरीर त्यांना आत घेते, आणि ते कोणाच्या तरी सांगण्यावरून घेते.

हे सांगणे असते संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे. संप्रेरक ही रक्तातून फिरणारी किल्ली समजा. किल्ली सगळ्या अंगातून फिरते, पण ज्या पेशीवर तिचे कुलूप बसवलेले असेल तेवढ्याच पेशीचे दार उघडते. या कुलपाला रिसेप्टर म्हणतात, आपण ग्राही म्हणू. किल्ल्या कितीही असल्या तरी कुलूप नसेल, बिघडलेले असेल किंवा त्यात दुसरेच काही अडकून बसले असेल, तर दार उघडत नाही. औषधशास्त्राचा मोठा भाग या कुलपांशी खटपट करण्यातच खर्च झाला आहे.

लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटतात त्या एचसीजी या संप्रेरकामुळे. कोवळी वार ते तयार करते. ते आईच्या अंडाशयातल्या पीतपिंडाच्या ग्राहींवर जाऊन बसते आणि पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो. प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींचे ग्राही उघडते आणि अस्तर मऊ, जाड, रुजायला योग्य होते. आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास वार मोठी होते आणि प्रोजेस्टेरॉनचे काम स्वतःकडे घेते. या एका कुलपाचे महत्त्व किती, तर गर्भपातासाठी डॉक्टर देतात त्या औषधांतली पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, प्रोजेस्टेरॉनच्या कुलपात जाऊन बसते आणि खरी किल्ली आत जाऊ देत नाही. रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असूनही गर्भ टिकत नाही. दुकानातून ही गोळी परस्पर आणून घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

यानंतर वारेचे खरे अवघड काम सुरू होते. गर्भाशयाच्या भिंतीत शंभरेक बारीक, पिळदार धमन्या असतात. एरवी त्या अरुंद आणि त्यांच्या भोवती स्नायूंचा आवळता थर. वारेच्या पेशी या धमन्यांत उतरतात आणि तो स्नायूंचा थर हळूहळू काढून टाकतात. बारीक नळीचा रुंद पाट होतो. तोंडाशी तिची रुंदी कित्येक पटींनी वाढते. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते, ते या पाटांतून. आणखी एक फायदा असा की स्नायू गेला म्हणजे त्यावरचे ग्राहीही गेले. आई घाबरली, दमली, तिच्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन वाढले, तरी बाळाचा पाट आवळला जात नाही. निसर्गाची ही योजना मला नेहमी थक्क करते.

हे पाट खोदण्याचे काम साधारण २० व्या आठवड्यापर्यंत उरकते. ज्या बाईला पुढे प्री-एक्लॅम्पसिया होतो, विशेषतः दिवस भरण्याच्या बरेच आधी होतो, तिच्यात ते अर्धवट राहिलेले असते. धमन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त आणि प्राणवायू कमी पडतो. बाईला यातले काहीच जाणवत नाही. रक्तदाब नॉर्मल, लघवी नॉर्मल. सातव्या महिन्यात दिसणाऱ्या दुखण्याची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच झालेली असते.

दारावरून सुटलेली कुलपे

आता प्रश्न असा की उपासमार वारेची, मग आईचा रक्तदाब का वाढावा? तिचे मूत्रपिंड का बिघडावे, डोळ्यांपुढे काजवे का चमकावेत? याचे उत्तर २००३ साली अमेरिकेत बोस्टन येथे मिळाले. ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अनंत करुमंची हे मूळचे भारतीय, आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हेत, मूत्रपिंडाचे डॉक्टर.

रक्तवाहिन्या फुटाव्यात, वाढाव्यात आणि आतून निरोगी राहाव्यात म्हणून शरीर काही प्रथिने सोडते. त्यांतली दोन आपल्या कामाची : व्हीईजीएफ आणि वारेतून येणारे पीएलजीएफ. काटेकोर बोलायचे तर ही संप्रेरके नव्हेत, त्यांना वाढीचे घटक म्हणतात. पण रीत तीच, किल्ली आणि कुलपाची. यांच्या एका कुलपाचे नाव फ्लिट-१. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर बसवलेले असते. करुमंचींच्या गटाला असे आढळले की आजारी वार या कुलपाचा एक सुटा नमुना बनवते आणि रक्तात सोडून देते. कुलूप आहे, पण ते कोणत्याही दारावर बसवलेले नाही. व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या किल्ल्या त्यात जाऊन अडकतात आणि खऱ्या दारांपर्यंत पोचतच नाहीत. अशी सुटी कुलपे गाभण उंदरांना टोचल्यावर त्यांचा रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने गेली आणि मूत्रपिंडात प्री-एक्लॅम्पसियात दिसतो तसाच बदल दिसला.

म्हणजे जुन्या डॉक्टरांचे 'विष' अगदीच खोटे नव्हते! फक्त ते बाहेरून आलेले नव्हते. वार स्वतःच ते तयार करीत होती.

या गोष्टीला एक पुरावा भलत्याच बाजूने मिळाला. कर्करोगाच्या गाठीला रक्तपुरवठा मिळू नये म्हणून बेव्हासिझुमॅब नावाचे औषध देतात. ते व्हीईजीएफला पकडून ठेवते. हे औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींचा रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने जातात. त्यांच्यात पुरुषही आले. गरोदरपण नाही, वार नाही, तरी आजाराची लक्षणे तीच, कारण किल्ली दारापर्यंत पोचली नाही. या किल्लीवाचून रक्तवाहिनीचे अस्तर फाटक्या गोणपाटासारखे होते. मूत्रपिंडात ते गळू लागले की लघवीत प्रथिने दिसतात. यकृताला झळ लागली की उजव्या बरगडीखाली किंवा छातीखाली खड्ड्यात दुखते. बाई म्हणते अ‍ॅसिडिटी झाली. मेंदूपर्यंत पोचले की डोके ठणकते, अंधारी येते, आणि मग झटके.

२००४ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. आजाराची लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून ही सुटी कुलपे रक्तात वाढू लागतात. त्यावरून रक्ताची एक तपासणी निघाली. सुट्या फ्लिट-१ चे आणि पीएलजीएफचे प्रमाण काढायचे. हे गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात आजार होण्याची शक्यता फार कमी, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अशा तपासणीला मान्यता दिली. ही तपासणी मोठ्या शहरांतली आणि महाग. उधव्याला किंवा सायवनला ती कधी येईल तेव्हा येवो. आपल्याकडे रक्तदाबाचे यंत्र आणि लघवीची पट्टी आहे, आणि त्या दोन्हींना मी अजिबात कमी लेखत नाही.

वार पडली म्हणजे ही सुटी कुलपे बनवणारा कारखानाच बंद होतो. रक्तातले त्यांचे प्रमाण दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरते. रक्तवाहिन्यांचे अस्तर दुरुस्त व्हायला मात्र वेळ लागतो, म्हणून रक्तदाब उतरायला काही आठवडे जातात. बाळंतपणानंतर १२ आठवड्यांनीही तो वरच राहिला, तर बाईला आधीपासून किंवा दुसऱ्या कारणाने रक्तदाब आहे असे समजून तपास करावा लागतो.

दुसरे कुलूप, आणि एक घातक गोळी

अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणारे संप्रेरक. त्याच्या कुलपाचे नाव एटी-१. गरोदरपणात अँजिओटेन्सिन वाढते. मग प्रत्येक गरोदर बाईचा रक्तदाब चढायला हवा. उलट चौथ्या-पाचव्या महिन्यात तो थोडा उतरतोच, कारण कुलपे जरा बोथट झालेली असतात. अमेरिकेत डलास येथे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींना शिरेतून अगदी थोडे अँजिओटेन्सिन देऊन हे पाहिले गेले. ज्यांना पुढे आजार झाला त्यांच्यातला हा बोथटपणा रक्तदाब वाढण्याच्या कित्येक आठवडे आधीच नाहीसा झाला होता. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले की आजारी स्त्रियांच्या रक्तात एटी-१ ग्राहीला चिकटणारी प्रतिपिंडे असतात, आणि ती खोट्या किल्लीसारखी कुलूप फिरवतात. ही प्रतिपिंडे आजाराचे कारण की परिणाम, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

हे कुलूप बंद करणाऱ्या गोळ्या आपल्या घरोघरी आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन या त्याच. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाहीत. एखाद्याला वाटेल, मग गरोदर बाईला याच द्याव्यात. मुळीच नाही! पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला घडण्यासाठी हेच अँजिओटेन्सिन आणि हेच कुलूप लागते. या गोळ्यांनी बाळाची लघवी कमी होते, गर्भजल आटते, बाळ दगावूही शकते. सासूची बीपीची गोळी सुनेला 'सारखेच तर दुखणे आहे' म्हणून दिल्याचे मी पाहिले आहे. आधीपासून रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईने दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरकडे जाऊन ती बदलून घ्यावी. गरोदरपणात चालणारी औषधे वेगळी आहेत : लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी मेथर्जिनचे इंजेक्शन पूर्वीपासून वापरात आहे. तेही रक्तवाहिन्यांवरच्या ग्राहींवर बसून त्या आवळते. ज्या बाईचे बीपी वाढलेले आहे तिला ते देऊ नये. तिला ऑक्सिटोसिन द्यावे. खासगी दवाखान्यांतल्या माझ्या व्यवसायबंधूंनाही ही आठवण करून द्यावीशी वाटते.

नागली, मासे आणि कॅल्शियमची गोळी

पुण्याच्या भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षे आजारी वारेचा अभ्यास करीत आहेत. आईच्या आहारातले फोलेट, बी-१२ आणि माशांतून मिळणारी डीएचएसारखी मेदाम्ले यांचा वारेच्या रक्तवाहिन्यांशी काय संबंध, हा त्यांचा विषय. मेदाम्ले म्हणजे नुसती चरबी नव्हे. पेशीच्या केंद्रकात पीपीएआर नावाचे ग्राही असतात, प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीच्याच कुळातले. मेदाम्ले ही त्यांची किल्ली. उंदरांत यांतला एक ग्राही नाहीसा केला तर वार नीट घडतच नाही, असे १९९९ मध्ये दिसून आले. मासे खाल्ल्याने हा आजार टळतो असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. तरी बंदरपट्टीतल्या घरांनी गरोदर सुनेच्या ताटातला बांगडा किंवा तारली 'उष्ण पडते' म्हणून काढून घेण्याचे काही कारण नाही.

कॅल्शियमचे तसे नाही. तेथे पुरावा पक्का आहे. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असते त्या गरोदर बायकांना ते पुरवले तर प्री-एक्लॅम्पसियाचा धोका उतरतो. आमच्या जंगलपट्टीत दूध रोजच्या जेवणात क्वचित, भात आणि डाळ मुख्य. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे १४ व्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत द्यायची आहे. बंगळूर आणि टांझानिया येथे प्रत्येकी ११ हजार गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी दिवसाला ५०० मिलिग्रॅम हे १५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे आहे. म्हणजे दोनांतली एक गोळी विसरली म्हणून सगळेच सोडून देऊ नये. गोळी जेवणासोबत घ्यावी आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोघींत काही तासांचे अंतर हवे. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. वरकस जमिनीवरची नागली कमी होत गेली, याचे मला डॉक्टर म्हणूनही वाईट वाटते.

मीठ बंद केल्याने हा आजार टळत नाही. अळणी खाऊन आधीच अशक्त बाई आणखी अशक्त होते, एवढेच.

कार्ड सोबत न्यावे

वारेचे काम तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात होते, तर बाईचे नाव तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदले गेले पाहिजे. त्या पहिल्या भेटीत मोजलेला रक्तदाब सोन्याच्या मोलाचा आहे. आमच्याकडच्या बारीक पोरींचा सुरुवातीचा रक्तदाब पुष्कळदा ९०/६० असतो. आठव्या महिन्यात तो १२८/८४ झाला तर पुस्तकाप्रमाणे हा आजार नव्हे. पण मी तिला महिन्याने नव्हे, तीन-चार दिवसांनी परत बोलावतो आणि लघवी तपासतो. सुरुवातीचा आकडाच नसेल तर १२८/८४ पाहून कोणीही 'नॉर्मल' लिहून मोकळा होईल.

मोजण्याचेही शास्त्र आहे. बाई पाड्यावरून चालत किंवा जीपमध्ये दाटीवाटीने आली असेल तर पाच मिनिटे टेकून बसू द्यावी. दंड छातीच्या पातळीवर असावा. बारीक दंडाला मोठा पट्टा गुंडाळला तर आकडा खोटाच कमी येतो. आमच्या भागात ही चूक फार सहज होते, म्हणून उपकेंद्रात लहान पट्टा ठेवावा.

दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे जगायला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी वापी-उंबरगावकडे. ती परततात पावसाच्या तोंडावर. नेमके याच काळात पोटुशी बाई पाचव्या-सहाव्या महिन्यातून नवव्यात जाते आणि तिचे बीपी कोणी मोजलेले नसते. जायचे तर जावेच लागते, पोटाचा प्रश्न आहे. पण माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात बांधून न्यावे आणि जेथे असाल तेथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवावे. गुजरातेत गेले म्हणून तपासणी नाकारली जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ती २०१६ पासून सुरू आहे आणि मोफत आहे.

पाय सुजणे पुष्कळ गरोदर बायकांत दिसते. पण तोंड सुजले, बांगड्या एकाएकी घट्ट झाल्या, डोके गोळी घेऊनही थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे आले, बरगडीखाली दुखू लागले, लघवी कमी झाली किंवा बाळ हलेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तेथे जावे. पुढे वलसाड-सिल्वासाला पाठवायचे की नाही हे तेथे ठरेल.

झटका आला तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. घरच्यांना बाधा वाटते आणि ते भगताला बोलावतात. भगताशी माझे भांडण नाही. आता काही भगतच 'आधी दवाखान्यात न्या' असे सांगतात, आणि त्यांचे ऐकले जाते. झटक्यावर औषध आहे मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. औषध स्वस्त आहे आणि पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो.

बाळंत झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर चढू शकतो, आणि तोवर बाई घरी परतलेली असते. आशाताई तिसऱ्या व सातव्या दिवशी बाळाचे वजन करायला जातात, तेव्हा आईच्या डोकेदुखीची चौकशी करावी आणि तिला बीपी मोजायला पाठवावे. हा आजार होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे चाळिशी-पन्नाशीत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तिने वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्यावे.

पुढची खेप राहिली तर मागच्या खेपेला बीपी वाढले होते हे पहिल्याच भेटीत सांगावे. अशा बाईला डॉक्टर १२ व्या आठवड्यापासून रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा सुरू करतात. युरोपातल्या काही देशांत व इस्रायलमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने ३७ आठवड्यांपूर्वी उद्भवणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आधीपासूनचा रक्तदाब किंवा जुळी असतील तरीही ती द्यायचा विचार करतात. ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि सहाव्या महिन्यात आठवण झाली तर तिचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर वारेचे पाट खोदून झालेले असतात.